पुढची रिकामी सीट

काल टॅक्सीत एसीचा झोत थेट तोंडावर आला. जाळी वर वळवायला हात लांबवला आणि बाबांनी न घेतलेली ती गाडी आठवली.

आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाबांना तरुणपणापासून हवी होती तशी वेगवान सेडान द्वारका चौकाजवळच्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडे आली होती. आज सौदा होणारच म्हणून मी पिशवीत नारळ आणि लिंबंसुद्धा नेली होती.

डीलरचा माणूस पुढे बसायला गेला, तर बाबा म्हणाले, "तुम्ही मागे बसा." तो माझ्या शेजारी येऊन बसला. सिन्नरच्या रस्त्याला लागल्यावर बाबांनी गाडी दाबली. माझी पाठ तापलेल्या लेदरला चिकटली. आरशात बाबांचा चेहरा मात्र बँकेच्या रांगेत उभं असल्यासारखाच.

"साहेब, पिकअप बघा ना!"

"बघितलं," बाबा म्हणाले.

नारळ तसाच घेऊन आम्ही स्कूटरवरून परत निघालो. मी म्हटलं, "सस्पेन्शन फारच कडक आहे."

"गिअरही उशिरा पडतो."

घर येईपर्यंत आम्ही त्या गाडीला नावं ठेवत होतो. दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं. रडूही येत नव्हतं.

खरं तर गाडी छान होती. पण आईला एसीचा वारा तोंडावर सोसत नसे. गाडी सुरू केल्याबरोबर बाबांनी आधी हात लांबवून त्या रिकाम्या सीटपुढची जाळी वर वळवली होती.