रॉनची पावडर आणि काकांचा डावा कान

नेमबाजीच्या रेंजवरच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कितीही झाडून गोळा करा, घरी आल्यावर बुटात एखादी सापडतेच. आमच्या रायफल क्लबच्या किश्शांचं तसंच आहे. ऑफिसात, ट्रेनमध्ये, कुणाच्या बारशाला, कुठेही अचानक एखादा टोचतो. मी सांगून टाकते. हसायचं की दचकायचं ते तुम्ही बघा.

क्लब इंग्लंडात, मिल्टन कीन्स शहराच्या बाहेर, विटांच्या मातीच्या एका जुन्या खाणीत आहे. मी तिथे दिलीपकाकांची ड्रायव्हर म्हणून शिरले. हिपच्या ऑपरेशननंतर काकांची गाडी सुटली, रायफल मात्र सुटेना! क्लबात सगळे पेन्शनर. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी माझ्या हातात किटली दिली. मी केमिस्ट्रीत मास्टर्स केलंय. चहा मला उत्तम येतो. केला नाही.

*

काकांचा जिवलग दोस्त रॉन. रेल्वेतला रिटायर्ड फिटर. दोघांचं वेड एकच: विकतच्या काडतुसांना हात लावायचा नाही. आमच्या गराजमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या आणि जुन्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या. पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, रॉनची. सैन्याने कधीकाळी मोडीत काढलेल्या काडतुसांमधून ती काढलेली, पत्र्याच्या डब्यात भरलेली. किती जुनी, ते रॉनलाही माहीत नव्हतं.

"आर्मीचा माल आहे," तो म्हणायचा. "आपल्यापेक्षा जास्त जगेल!"

काकू दारातून म्हणाल्या, "मला तीच काळजी आहे."

*

काकांचा डावा कान ठार बहिरा. तरुणपणी कानाला काही न लावता बार काढले, त्याचं बक्षीस. त्या कानात मशीनसुद्धा घालत नाहीत. "मेलेल्या माणसाला चष्मा कशाला?" असं म्हणतात.

आणि रॉन उभा राहायचा नेमका डाव्या बाजूला! काका टेबलाशी बसले की हा पुटपुटायला लागायचा. "हँग ऑन. वारा बघ. श्वास सोड. हँग ऑन..." इतकी वर्षं सल्ले दिले, काकांना त्यातला एक शब्द ऐकू आला नाही.

मी एकदा विचारलं, "काका, त्याला सांगत का नाही?"

"वेडी आहेस का? दोस्ती त्याच्यावरच टिकलीये!"

भडकले की काका त्याच्याशी मराठीत भांडायचे. रॉन इंग्रजीत उत्तरं द्यायचा. भांडण अगदी व्यवस्थित चालायचं.

*

मागच्या शरदात रॉनने माझ्यासमोर डबा उघडला. आंबट, नाक जाळणारा वास आला. झाकण आतून गंजलेलं. बाहेरून नाही, आतून! आणि पावडरीवर हलकीशी लालसर धूळ.

मी म्हटलं, "रॉन, ही कुजलीये. यातून ॲसिड सुटतंय. फेकून द्या."

त्याने झाकण हळूच लावलं, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं. "नॉनसेन्स. शी इज ओन्ली ब्रीदिंग."

"पावडर श्वास घेत नाही!"

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. तेवढ्यात झाकण "टक्" करून किंचित वर उचललं गेलं. हसणं थांबलं. डबा मात्र फेकला नाही.

*

थंडी सुरू झाली आणि रॉन गेला. खुर्चीत, टीव्हीसमोर, कुणालाही त्रास न देता.

आमच्या क्लबात एक रीत आहे. सभासद गेला की त्याच्या जवळच्या मित्राने त्याच्याच पावडरीचं काडतूस भरायचं आणि सगळ्यांसमोर एक बार काढायचा. निरोपाचा बार. त्यामुळे डबा आमच्या गराजमध्ये आला.

थोड्या दिवसांनी काकूंनी मला हाक मारली. फळीवर डब्याच्या भोवती जे जे लोखंडी होतं ते सगळं गंजलं होतं. पाना, खिळे, काकूंची बागेतली कात्री. त्यापलीकडचं सगळं लखलखीत. जणू कुणी डब्याभोवती खडूने रिंगण आखलंय.

"आणि तो खोकतो गं," काकू हळूच म्हणाल्या. "टक्, टक्. मी कपडे वाळत घालते तेव्हा."

"काकू, तो गॅस आहे."

"असेल. पण रॉनचा खोकला मी ओळखते."

काकांना मी हिवाळाभर सांगत राहिले. रायफल फुटेल. डोळे जातील. एकच उत्तर: "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी काडतुसं भरतोय." काडतूस भरून झालं, डब्याशेजारी पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप. किल्ली कुठे आहे ते फक्त लायसन्सवाल्याला माहीत असावं हा इथला कायदा, आणि काका आयुष्यात तेवढा एकच कायदा काटेकोर पाळतात! क्लबला सांगितलं तर त्यांचं बंदुकीचं सर्टिफिकेट जाणार. ते गेलं तर हा माणूस खिडकीशी बसून वाळेल. न सांगितलं तर...

*

मधल्या काळात एक नवीन मुलगा आला, हाउन्सलोहून. रॉनला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. काका टेबलाशी बसले होते, हा डाव्या बाजूला उभा राहिला आणि लगेच दचकून बाजूला झाला.

"सॉरी," तो मला म्हणाला. "इथे कुणी उभं आहे का?"

"दिसतंय का कुणी?"

"नाही," तो म्हणाला. पण परत तिथे गेला नाही.

*

निरोपाचा दिवस. रविवारची सकाळ, सगळे टोप्या काढून उभे. मी ठरवलं होतं: काकांनी काडतूस आत सरकवून रायफलचा बोल्ट बंद करायच्या आत "स्टॉप!" म्हणून ओरडायचं. रेंजवर कुणीही ओरडलं तरी सगळ्यांना थांबावंच लागतं. मग सर्टिफिकेटचं काय व्हायचं ते होवो.

बोल्ट बंद झाला. मी अजून सर्टिफिकेटचाच विचार करत होते. काकांचं बोट चापावर गेलं.

आणि काका थांबले. मान डावीकडे कलली, कुणी कानाशी बोलतंय तशी. मग त्यांनी बोल्ट उघडला, काडतूस काढलं, टेबलावर ठेवलं.

"आज नको," ते म्हणाले.

काकांनी ते का काढलं हे बघायला रेंज ऑफिसरने काडतूस उकललं. गोळीच्या बुडाला पांढरी बुरशीसारखी खपली, पुंगळी आतून हिरवी, पावडरीचा गोळा झालेला. तो आंबट वास सगळीकडे पसरला.

"हे उडालं असतं," तो काकांना म्हणाला, "तर बोल्ट तुझ्या डोळ्यातून काढावा लागला असता." सर्टिफिकेटचं नाव त्याने काढलं नाही. तो आमच्याबरोबर घरी आला, डबा पाण्यात बुडवला, आणि तसाच विल्हेवाटीसाठी घेऊन गेला.

काकांची रायफल क्लबच्या कपाटातच राहिली होती. दुपारी ती आणायला आम्ही दोघं परत निघालो. राउंडअबाउटमागून राउंडअबाउट. शेवटी माझा पारा चढला.

"हिवाळाभर मी तुमच्या उजव्या कानाशी ओरडतेय, काका! माझं एक अक्षर ऐकलं नाहीत. आज एकदम कशी अक्कल आली?"

ते माझ्याकडे वळले नाहीत. डावीकडे वळले. तिकडे बंद काच होती, आणि काचेपलीकडे नुसता रस्ता.

"ऐकलं रे रॉन, ऐकलं!" काका वैतागून म्हणाले. "किती वेळा सांगशील?"