कोणती भिकुबाई मेली

कचेरीतल्या कारकुनाने पडद्याकडे बघून मान हलवली. "भिकुबाई लीलाधर. मयत."

"मी जित्ती शे ना!" कुंदाबाई म्हणाल्या. "तुमना समोर उभी शे!"

"ते मला दिसतंय, अक्का. पण इथे दिसत नाही."

म्हणजे काय, हे कुंदाबाईंना कळेना. साठी उलटलेली बाई, सकाळी पंधरा भाकऱ्या थापून, धुणं वाळत टाकून, धुळे जिल्ह्याच्या त्या टोकाच्या गावातून जीपमध्ये अंग चोरून बसून आलेली. तिला हा पोरगा सांगतो, तू नाहीस.

डावा डोळा गेलाच होता. उजव्यातला मोतीबिंदू पिकला होता, आणि दोंडाईच्याच्या डॉक्टरने बजावलं होतं, आता थांबलात तर हाही जाईल. धुळ्याच्या दवाखान्यात सरकारी योजनेतून ऑपरेशन होणार होतं, सोमवारची तारीख मिळाली होती. तिथे कार्ड चालेना. मेलेल्या बाईचा मोतीबिंदू सरकार काढत नाही.

घोळ घरातूनच निघाला होता. कुंदाबाईंच्या आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून बापाने पाच घरी सुपात भीक मागून हिचं नाव ठेवलं भिकू. नाव असं ठेवलं की मरणाने ढुंकून बघू नये. लग्न ठरलं तेव्हा कळलं, सासूचंही नाव भिकुबाईच. आता मुलगा बायकोला आईच्या नावाने हाक कशी मारणार? मांडवातच ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, कुंदा. भिकू त्या ताटात राहिली. कागद बदलायला कोणी गेलं नाही. बाईच्या कागदाला कोण विचारतो?

गेल्या वर्षी सासू गेली. लीलाधरने पंचायतीत खबर दिली. मयताचं नाव भिकुबाई, खबर देणार लीलाधर. लिहिणाऱ्याने दोन्ही नावं जोडून टाकली आणि सुनेवर रेघ ओढली. सासू सरकारदरबारी ठणठणीत होती.

"मग दुरुस्त करा," कुंदाबाई म्हणाल्या.

"अर्ज करा."

"हा काय, केला."

"मयताच्या नावाने अर्ज मशीन घेत नाही, अक्का."

कुंदाबाईंनी मग आवाज असा चढवला की आतून नायब तहसीलदार बाई उठून आल्या. तरुण होत्या, ऐकून घेणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "नवरा आणि नात्यातलं एक माणूस आणा. त्यांनी माझ्यासमोर सांगायचं की ही भिकुबाई. जबाब लिहून घेते."

दुसऱ्या दिवशी लीलाधर आणि मोठी जाऊ बेबाबाई हजर झाले. आधी जावेला विचारलं, ही कोण?

बेबाबाईने पदर सावरला आणि ठणकावून सांगितलं, "हायी आमनी कुंदा शे. भिकुबाई आमनी सासू व्हती. ती गई ना मागला साल!"

कारकून खुदकन हसला. कुंदाबाईंनी जावेकडे असं पाहिलं की बेबाबाई पुटपुटली, "आता खरं ते सांगितलं, त्यात माझं काय चुकलं?"

"काका, तुम्ही सांगा," बाई लीलाधरकडे वळल्या. "ही कोण?"

"मनी घरवाली शे."

"नाव?"

लीलाधरने टोपी काढली, परत घातली. चाळीस वर्षांत त्याने बायकोला "ए", "ऐकलं का" आणि "हितेंद्रची आई" एवढंच म्हटलं होतं. फार लाडात आला तर कुंदा. "साहेब, मायनं नाव शे ते," तो खाली बघत म्हणाला. "बायकोकडे बघून कसं घेणार?"

कुंदाबाईंच्या कानशिलात आग चढली. त्या पोरग्या कारकुनावर काय म्हणून ओरडलो आपण? कागदावर आत्ता खोडलं, यांनी मांडवातच खोडलं होतं. याच्या आईची सहा वर्षं शी-मूत काढली, याच्या दोन बहिणींची बाळंतपणं केली, आणि मी आहे एवढं सांगायला याला लाज वाटते!

"बोला," त्या म्हणाल्या. "मनं बी तेच नाव शे. मना बापनी भीक मागून ठेवेल शे. का आंधळी झाल्यावर बोलणार?"

"अगं, चार लोकांत..."

"चार लोकांतच मेले मी. चार लोकांतच जिती करा."

लीलाधर घसा खाकरून भिंतीला सांगावं तसा म्हणाला, "भिकुबाई."

"भिंतीला नका सांगू."

त्याने मान वळवली. "हायी भिकुबाई. मनी बायको."

बाईंनी लिहून घेतलं, सही घेतली. म्हणाल्या, "पंधरा दिवसांत नाव चालू होईल."

"सोमवारी ऑपरेशन आहे."

"नियम आहे, अक्का."

कुंदाबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मग मी इथेच बसते. पंधरा दिवस मी मेलेलीच आहे ना? मेलेल्या माणसाला कचेरीतून कोण उठवतं, बघू."

शिपाई आला, दारातच घुटमळला. बाईंनी कपाळ चोळलं आणि दवाखान्याला फोन लावला. तासाभराने सही-शिक्क्याचं पत्र मिळालं: सदर महिला हयात आहे, शस्त्रक्रिया थांबवू नये.

बाहेर आल्यावर लीलाधरने घाम पुसला. "झालं ना मनासारखं? चल कुंदा, चहा घेऊ."

"कुंदा मरनी," त्या म्हणाल्या. "आतेच मरनी, साहेबना समोर. तुमीच सांगं ना, हायी भिकुबाई."

समोर बस लागली होती, पत्र आजच दवाखान्यात पोचवायचं होतं. पाटी धूसर दिसत होती, म्हणून त्यांनी कंडक्टरला विचारलं, "धुळं ना?" आणि दांडी धरून वर चढल्या. लीलाधर खाली उभा होता. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण "ए" म्हणायची हिंमत होईना आणि दुसरं काही तोंडातून निघेना. त्या खिडकीशी बसल्या. वळून पाहिलं नाही.