हिराजीशेठची भीती

“गाळे जातील या धास्तीने हिराजीशेठने सुतकातसुद्धा हप्ता भरला. ब्लॉकचेनपुढे भाऊकीचे काय चालणार?” हिराजीच्या शोकसभेत आमच्या सीवूड्समधील सोसायटीच्या सेक्रेटरीने हे हसत सांगितले आणि मंडळींनी माना डोलावल्या. मला हे मान्य नाही. हिराजी भ्याला होता, हे मीही सांगतो. कशाला भ्याला, हे या मंडळींना ठाऊक नाही.

करावे गावचा हा गडी. शेती गेली, गाळे आले, गळ्यात सोन्याचा गोफ आला, पण नवी वस्तू दिसली की तो आधी एकच विचारी, “याला थांबवाचा कसा?” पहिल्या भेटीत, लिफ्टमध्ये, त्याने मला हेच विचारले. मी लाल बटण दाखवले. त्याने ते दाबून, दोन मजल्यांच्या मध्ये आम्हा सर्वांना लटकवून, खात्री करून घेतली. लोक शिव्या देत होते. हा समाधानाने मिशी पुसत होता.

पुढे एका कंपनीने, आमच्या सेक्रेटरीच्या मध्यस्थीने, आम्हा फ्लॅटधारकांचे पैसे घेऊन, घर गहाण ठेवणाऱ्यांना कर्जे देण्याची योजना आणली. हिराजीचा पुतण्या प्रकाश याने घर गहाण टाकले. हिराजी जामीन राहिला. त्याचे गाळे हमीत गेले. करार ब्लॉकचेनवर, म्हणजे कोणालाही बदलता न येणाऱ्या संगणकी नोंदवहीत, होता. हप्ता चुकला की मालमत्ता आपोआप विक्रीला निघणार.

“काका, मध्ये माणसाचा हातच नाही. कोणीच थांबवू शकत नाही,” कंपनीचा अधिकारी सोसायटीच्या सभेत म्हणाला.

“आनि घरात मयत जाला तं?”

“तरीही नाही.”

“मंग आमचा सावकार बरा व्हता. तेरावा होईस्तोवर तो तरी दारात येत नसे.”

सभा हसली. हिराजी हसला नाही.

वर्षाच्या आत प्रकाश तळोज्याच्या रस्त्यावर अपघातात गेला. हप्त्याची तारीख नेमकी सुतकात आली. त्या भाऊकीत तेरावे होईपर्यंत पैशाला कोणी हात लावत नाही. पैसे होते, हात बांधलेले होते. हिराजीने सेक्रेटरीकडे मुदत मागितली. “सिस्टम आहे, काका. टेन्शन घेऊ नका,” असे उत्तर मिळाले.

मी रोज जाई. प्रकाशची बायको भिंतीला टेकून बसलेली असे. दारात सावली पडली की हिराजी दचके आणि मला विचारी, “घर बघाया आलं का कुनी, अप्पा?” तिच्या डोळ्यांदेखत परके लोक खोल्या मोजत फिरतील, या कल्पनेने तो दारातून हलत नव्हता. हप्ता मी भरतो, असे मी म्हटले.

“तुमी गुंतवनारे. तुमचाच पैसा तुमाला देनार? येड लागलाय काय?”

अखेर त्याने भाऊकीसमोरच मोबाइल मागितला. थोरला भाऊ म्हणाला, “पैशाला हात लावलास तं पिंडाला लावाचा नाय.” हिराजीने हप्ता भरला. दहाव्याला तो खाडीकाठी सर्वांपासून लांब उभा राहिला, आणि मरेपर्यंत भाऊकीने त्याला पंगतीला बसवले नाही.

राहिले गाळे. कर्जदाराच्या मृत्यूची नोंद होताच जामीनदार मोकळा व्हावा आणि केवळ गहाण घर अडकून राहावे, असे त्याच करारात होते. गाळे मोकळे झाल्याचा संदेश हिराजीला हप्ता भरण्याच्या आदल्या दिवशी आला. तो त्याला मीच वाचून दाखवला होता.