छातीशी धरलेली बाटली

काल थंडीचे कपडे काढताना ह्यांचा करडा स्वेटर हाती आला. हे गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्या एका जुन्या एसटीत जाऊन बसले.

पेशी कशा जगतात, कशा सरकत पुढे जातात, यावर ह्यांचं संशोधन चाले. त्या सकाळी अकोल्याच्या मित्राने दिलेल्या पेशी एका चपट्या बाटलीत होत्या, गुलाबी पाण्यात. गारठल्या तर मरतील, म्हणून हे ती बाटली स्वेटरच्या आत छातीशी धरून बसले होते.

शेजारच्या म्हातारीला राहवेना. "छातीत दुखून राहिलं काय भाऊ?"

"नाही मावशी, जिवंत पेशी आहेत. थंडीनं मरतील."

"मंग बायकोले दे ना! तुह्या हाडाईले कुठची ऊब?"

सगळी बस हसली. ह्यांनी मात्र ते मनावर घेतलं आणि बाटली माझ्या शालीत सरकवली. काचेला त्यांच्या अंगाची ऊब होती. मूर्तिजापूर मागे पडलं तरी मी हलले नाही. हे सारखे वाकून विचारत, "गरम आहे ना?" ते बाटलीबद्दल.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हे लहान मुलासारखे ओरडले, "जगल्या!"

बस लवकर पोचावी म्हणून तेव्हा मी दर थांब्यावर देवाला विनवत होते. आता वाटतं, वाटेत कुठेतरी पंक्चर होऊन ती दिवसभर उभी राहायला हवी होती. पेशी मी सांभाळल्या असत्या.