तसबिरीतल्या बाईचं कुंकू
जवसाच्या तेलाचा वास आला की शिरूरचा मिशनचा बंगला आठवतो. तिथं मी झाडलोट करायचे. भिंतीवर अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा गोऱ्या बाईचं रंगवलेलं चित्र होतं. ते कुणी काढलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मालकीणबाई त्याला जवसाचं तेल लावायच्या. एका संक्रांतीला मला चित्रातल्या बाईचं मोकळं कपाळ बघवेना, म्हणून मी कुंकवाचं बोट टेकवलं. तेलात ते पसरलं, पुसता पुसेना. "बाई, चुकलं माझं. कामावरनं काढू नका," मी रडत म्हणाले. बाईंच्या स्वतःच्या कपाळावरही कधी कुंकू नसायचं. चष्मा लावून त्या बघत राहिल्या. "आता पुसू नको, रंग निघंल. तिळगूळ दिलास का तिला?" आता माझे मालक वारले, माझंही कपाळ मोकळं आहे. काल संक्रांतीला सून बायकांना कुंकू लावत माझ्यापाशी आली आणि थबकली. मी मान पुढं केली.