दमले म्हणायचीही चोरी

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाषण लिहीत बसले होते. विषय होता, ‘स्वमग्नता : आजार नव्हे, वेगळेपण’. पाच आठवडे झाले, ते भाषण मी पुन्हा उघडलेलं नाही.

शोभा आमच्या शाळेत क्लार्क आणि मी शिक्षिका. मी निवृत्त झाले तरी घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे रस्त्यात भेट रोजचीच. तिचा नवरा लवकर गेला, मागं एकुलता एक अनिकेत. तो चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी कागदावर ‘विकार’ लिहिलं आणि नातेवाइकांनी त्याला लगेच वेडा ठरवून टाकलं. तेव्हा मीच पदर खोचून भांडले. “विकार-बिकार काही नाही गं, त्याचं डोकं वेगळ्या रीतीनं चालतं, एवढंच,” म्हटल्यावर ती माझ्या गळ्यात पडून रडली होती. ‘वेगळं’ या शब्दानं तेव्हा तिला खरंच आधार दिला, हे मी आजही म्हणेन. पण मला त्याची चटकच लागली... पुस्तकं वाचली, व्याख्यानं द्यायला लागले, मोठी शहाणी झाले!

तीन वर्षांपूर्वी सात रस्ता चौकाजवळ अशा मुलांच्या पालकांचा मेळावा होता. माइक माझ्याकडे. शोभा मागून उठली. अनिकेत तेव्हा एकोणीस वर्षांचा, अंगानं दांडगा. म्हणाली, “बाई, ह्याला आता झोपच नाही. हात चावून घेतो, आवरायला गेलं की मला ढकलतो. ह्या आजाराला काही औषध आहे का बघा की. मी लई दमले.” आणि मी काय केलं? भरल्या सभेत हसून म्हणाले, “शोभा, तूसुद्धा? आजार म्हणायचं नाही. आपल्याच लेकराचा अपमान होतो.” टाळ्या पडल्या. ती खाली बसली. झोपेसाठी निदान डॉक्टरांना तरी विचारता आलं असतं. मी तिचा शब्द सुधारत बसले. त्यानंतर कधीही विचारलं की, “अनिकेत मजेत आहे, बाई,” एवढंच. मला वाटायचं, चला, पटलं हिला!

जायच्या आधी छातीत दुखत होतं, ते तिनं दोन महिने अंगावर काढलं. त्याच्यापायी तिनं नोकरीही सोडली होती; दवाखान्यात गेलं तर अनिकेतजवळ कोण बसणार? मी दोन गल्ल्यांवर होते. रिकामी होते.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी, दिवसकार्य झाल्यावर अनिकेतला भेटायला गेले. करकंबहून तिची धाकटी बहीण लता येऊन राहिलीय. स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर शोभाच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला. कुकर लावण्याआधी अनिकेतला सांगावं. नव्या शर्टाचं लेबल कापावं. हात चावायला लागला तर धरू नये, उशी द्यावी. खाली, अडचणीला कुणाला बोलवायचं ती नावं : कोपऱ्यावरचा रिक्षावाला, औषधाचं दुकान, शेजारच्या भाभी. माझं नाव नव्हतं.

मी ते शोधतेय हे लताच्या ध्यानात आलं. भांडी पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाली, “अक्का म्हनायची, बाईंम्होरं दमले म्हनायचीबी चोरी हाय.”

शरमेनं मेले मी. पर्समधून पेन काढलं, म्हटलं निदान आता तरी आपला नंबर लिहावा... अनिकेत दारातून बघत होता. तो जवळ आला, माझं मनगट धरलं, हात कागदावरून बाजूला केला.

“आईनं लिहिलंय,” म्हणाला.

मी पेनाला टोपण लावलं.