साडूंच्या होडीचं बूच

देवाने या जगात जेवढी म्हणून भोकं ठेवली आहेत, तेवढी सगळी बुजवण्यासाठीच आमच्या साडूंचा जन्म झाला आहे. मालवणात एका डॉक्टरांकडे त्यांनी उभं आयुष्य कंपाउंडरकी केली. औषध घरून आणलेल्या बाटलीतून न्यायचं, अशा काळातली ती कंपाउंडरकी. बाटलीला बूच घट्ट बसलं नाही तर पेशंटचं काही खरं नाही, ही गोष्ट तिथे त्यांच्या मनात जी बसली ती डॉक्टर गेले, दवाखाना गेला, तरी उठली नाही. ‘हवा लागली काय औषधाचां पाणी झालां’ हा नियम त्यांनी पुढे लोणचं, चहापूड, काजूगर, शाईचं पेन आणि पाहुण्यांच्या पाण्याचा तांब्या यांनाही लावला. त्यांच्या घरी लोणच्याची बरणी उघडायला दोन माणसं लागतात. एकाने पोटाशी धरायची, दुसऱ्याने झाकण फिरवायचं. एकदा मी मर्दुमकी दाखवायला एकटाच भिडलो, तर झाकण एकीकडे, मी दुसरीकडे आणि लोणचं माझ्या नव्या पँटवर, अशी आमची वाटणी झाली. त्यांच्या नातवासाठी मी सावंतवाडीहून लाकडी शिट्टी नेली होती. दुसऱ्या दिवशी ती मुकी. वरच्या बाजूला भोक आहे हे साडूंच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनी ते मेणाने बुजवलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “किडो जायत आत.” शिट्टीत शिरून किडा काय करणार होता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसरी खोड म्हणजे, जे चालत नाही ते त्यांच्या लेखी बिघडलेलं नसतं, आजारी असतं. डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना आपला जुना स्टेथोस्कोप यांना दिला. तेव्हापासून घरातल्या मिक्सरची, पंपाची आणि माझ्या स्कूटरची छाती तपासली गेली आहे. स्कूटर सकाळी सुरू होताना अडखळते असं मी सांगितलं, तर त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, “खोकलो सुको काय ओलो?” आणि मी, एक शिकलासवरलेला माणूस, जरा आठवून “सुका” म्हणालो होतो. त्यांच्यासमोर उभं राहिलं की माणसाचं असं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते मला ‘पावण्यांनू’ म्हणतात. सावंतवाडीचा माणूस मालवणात कायमचा पाहुणा, असा त्यांचा हिशेब आहे.

तर या आमच्या साडूंनी म्हातारपणी होडी घेतली. का घेतली हे त्यांनी गावाला वेगवेगळं सांगितलं. कोणाला मासे मारायला, कोणाला तब्येतीला खाडीचा वारा चांगला म्हणून. खरं कारण मला आणि आमच्या हिला माहीत होतं, कारण ते कारण म्हणजे हिची थोरली बहीण, साडूंची बायको, आमच्या अक्का. या दोघी बहिणींचं माहेर खाडीच्या पलीकडच्या वाडीत. पूर्वी तर असायची, माणसं पार नेणारी होडी; तिने पार झालं की दारात. मग खाडीच्या वरच्या अंगाला लांब पूल झाला आणि तर बंद पडली. सासू-सासरे गेले, मेव्हणे मुंबईला नोकरीत रमले, घराला कुलूप लागलं. पुलावरून गाडीने गेलं की माणूस त्या घराच्या पाठल्या दारी पोचतो. अक्का एकदाच तशा गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, “कुलपाक काय भेटूचां?” त्यानंतर माहेरचं नाव नाही. पण संध्याकाळी त्या अलीकडच्या काठावर उगाच जाऊन उभ्या राहतात आणि खाडीला वळण असल्यामुळे तिथून त्यांना काहीही दिसत नाही, हे साडूंनी पाहिलं होतं. माहेर पुढच्या बाजूने, पायऱ्यांसकट बघायचं तर पाण्यातूनच.

आता एखादा नवरा सरळ म्हणेल, चल, तुला माहेर दाखवून आणतो. पण अक्कांकडे ते चालत नाही. स्वतःसाठी म्हणून केलेली कुठलीही गोष्ट त्या घेत नाहीत. साडू अबोलीचा वळेसर आणतात, तेव्हा ‘फुलवालीन घराक जाय होती, उरलेलो दिल्यान’ असं सांगावं लागतं. साडी आणायची तर ती हिच्यासाठी घेतली होती पण हिला रंग आवडला नाही, असं खोटं बोलावं लागतं. त्यात आमची ही भरडली जाते. सगळ्या गावात रंगाच्या बाबतीत चोखंदळ म्हणून तिची अपकीर्ती आहे. तेव्हा होडीचंही अक्कांना असंच सांगितलं की होडी घेतली आहेच तर एकदा बसून बघ. अक्का म्हणाल्या, पावसाआधी होड्या वर ओढतात, त्याआधी काय ते करा. पुढल्या वर्षी माझे गुडघे होडीत चढतीलच असं नाही.

होडी घेण्याआधी ती बघायला साडू आणि मी आरोंद्याला गेलो होतो. मला होडीतलं कळतं असा साडूंचा समज का झाला, ते मला माहीत नाही. मी तो दूर केला नाही, एवढंच. फायबरची छोटी होडी, मधे डिझेलचं एक जुनं इंजिन, हँडल मारून सुरू करायचं. साडूंनी स्टेथोस्कोप लावला. मालक हातातली विडी तशीच धरून बघत राहिला. बराच वेळ ऐकून साडू म्हणाले, “छाती साफ आसा,” आणि माझ्याकडे बघितलं. मी चारी बाजूंनी फिरलो, बुडाला टिचक्या मारल्या आणि निळा रंग छान आहे असं मत दिलं. होडीचा सौदा या दोन तपासण्यांवर झाला.

होडी टेंपोवर चढवून आणली. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा असताना साडू मागे होडीत, सुकाणूपाशी बसले. सावंतवाडीच्या बाजारातून आम्ही गेलो तेव्हा लोक दुकानांतून बाहेर आले. वळणावर साडू न चुकता सुकाणू वळवत होते. माझे दोन ओळखीचे दिसले, त्यांच्यापासून तोंड लपवायला मी पुढच्या सीटवरून ड्रायव्हरच्या बाजूला वाकलो तर गाडीचा हॉर्न माझ्या कपाळाने वाजला.

पाण्यात उतरल्यावर होडी सुरेख चालली. साधारण खाडीच्या मध्यापर्यंत. तिथे इंजिनाने दोन उसासे टाकले आणि ते गप्प झालं. साडूंनी टाकीचं झाकण उघडून डिझेल बघितलं. डिझेल भरपूर. स्टेथोस्कोप लावला. म्हणाले, “गॅस झालो.” मी वल्हं घेतलं. मला वल्हवता येतं असं मला वाटत होतं. बराच वेळ घाम गाळल्यावर माझ्या लक्षात आलं की मघाचाच माड पुन्हा समोरून जातो आहे. मी होडी जागच्या जागी जात्यासारखी फिरवत होतो. तेव्हा साडूंनी डोक्यावरची टोपी सारखी केली, हात जोडले आणि इंजिनाला गाऱ्हाणं घातलं.

आमच्याकडे गाऱ्हाणं कशालाही घालतात. लग्न ठरलं, विहीर खणली, पोरगा परीक्षेला बसला, की देवाला उभ्याने सगळी हकीकत सांगायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार भरायचा. पण बंद इंजिनासमोर घातलेलं गाऱ्हाणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“बा देवा म्हाराजा, ह्यां आरोंद्याचां इंजिन आज तुज्या पाण्यात आडून बसलां हा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो. दुसरं कोणी नव्हतंच.

“तेका हयचां पाणी मानवला नसात, कोणाची नजर लागली असात, नायतर ह्या पावण्यांचो पाय वायट असात म्हाराजा.”

इथे मी जरा थांबलो. साडूंनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. “व्हय म्हाराजा,” मी म्हणालो.

“तां सगळां पोटात घाल आणि तेका चालतां कर म्हाराजा.”

टाकीचं झाकण एवढा वेळ उघडंच होतं. देवाला आतलं दिसायला हवं, असं साडूंचं म्हणणं. त्यांनी ते लावलं, हँडल मारलं आणि इंजिन धडधडत सुरू झालं.

मग हे रोजचंच झालं. होडीपायी आम्ही दोघे नवराबायको साडूंकडे मुक्कामालाच होतो. होडी पाण्यात घालायची, खाडीच्या मध्यावर इंजिन बंद, झाकण उघडून गाऱ्हाणं, माझा पाय वाईट, व्हय म्हाराजा, इंजिन चालू. मिस्त्रीला दाखवावं म्हणून मी रोज फोन करत होतो. मिस्त्री विजयदुर्गला मोठ्या बोटीच्या कामाला गेला होता आणि उद्या येतो असं रोज सांगत होता. इकडे आकाश भरून यायला लागलं होतं. काठावरच्या बाकीच्या होड्या एकेक करून वर ओढून झाल्या, माडाच्या झापांनी झाकूनही झाल्या. साडूंचं जेवण कमी झालं. लोणच्याची बरणी मला एका हाताने उघडता आली, त्यावरून त्यांच्या मनाची अवस्था मी ओळखली. शेवटी एका संध्याकाळी ते म्हणाले, आज न्यायची. काय होईल ते होईल.

अक्का होडीत चढल्या त्या एका बाजूने साडू आणि दुसऱ्या बाजूने ही, अशा. मधे मी होतो, पण माझ्या पायावर ठपका असल्यामुळे मला कोणी हात लावू दिला नाही. होडी निघाली. वळण आलं. आणि वळण संपून पलीकडचा काठ दिसायला लागला, बरोबर तिथे इंजिनाने दोन उसासे टाकले.

साडूंचा चेहरा मला बघवेना. त्यांनी घाईघाईने टाकीच्या झाकणाला हात घातला. गाऱ्हाण्याचा पहिला शब्द तोंडातून निघाला असेल नसेल, तोच अक्का म्हणाल्या, “रवांदे.”

राहू दे म्हटल्यावर साडू थांबले. समोर माड, जांभ्या दगडाच्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, वर बंद घराची पडवी. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागत होतं. इंजिन नसल्यामुळे ते लागलेलं ऐकू येत होतं. अक्का आणि आमची ही, दोघी एकाच फळीवर बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने अक्का पायऱ्यांकडे बोट करून म्हणाल्या, “आवस थंय उभी रवायची. तर वळणाआड जायसर.” हिलाही आई तशीच आठवत असावी, हिने मान हलवली. मी होडी फिरू नये म्हणून वल्हं पाण्यात धरून बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा ती फिरली नाही.

घरी आल्यावर त्या रात्री अक्का दोनदा जेवल्या. म्हणजे भात मागून घेतला. त्यांच्याबाबतीत ही मोठी बातमी आहे.

इंजिनाचा रोग कळला तो पावसाळा संपल्यावर, आणि माझ्याच धांदरटपणामुळे. होडी पुन्हा पाण्यात घालताना टाकीत डिझेल ओतायचं काम माझ्याकडे होतं. झाकणाच्या वरच्या बाजूला काहीतरी रबरी गोळा दिसला म्हणून मी तो उपटला, तो हातातून निसटून खाडीत गेला. साडूंना सांगायची माझी छाती झाली नाही. होडी निघाली. मध्य आला, मध्य गेला. इंजिन धडधडतच राहिलं. बंद पडत नाही म्हटल्यावर आम्ही दोघेही घाबरलो. शेवटी मी कबूल केलं. साडूंनी झाकणाकडे बघितलं. मधोमध बारीक भोक होतं. टाकीला हवा यावी म्हणून ठेवलेलं. डिझेल खाली जातं तशी वरून हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीचा श्वास कोंडतो. होडी घेतली त्याच दिवशी साडूंनी ते भोक बघून त्यात औषधाच्या बाटलीचं बूच मारून ठेवलं होतं. गाऱ्हाण्याच्या वेळी झाकण उघडलं की टाकी श्वास घ्यायची. साडूंनी भोकावर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, “म्हंजे तुमचो पाय बरो आसा, पावण्यांनू.”

आता होडी बिनतक्रार चालत होती. साडूंनी मोठ्या ऐटीत अक्कांना पुन्हा नेलं. वळण आलं, पायऱ्या आल्या, इंजिनाच्या धडधडीत पायऱ्या गेल्यासुद्धा. अक्कांनी मान वळवून वळवून बघितलं, मग पदर सारखा केला आणि नीट समोर बघत बसल्या. थांबवूया का, असं मी विचारलं. म्हणाल्या, “कित्याक? उगाच डिझेल.” परत आल्यावर होडी छान चालते म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा संध्याकाळी काठावर जाऊन उभ्या राहायला लागल्या.

साडूंनी तेही पाहिलं. दवाखान्यातला बुचांचा डबा त्यांच्याकडे अजून आहे. त्यातलं एक त्यांनी निवडलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. आता अक्का होडीत असल्या की वळणाच्या बऱ्याच अलीकडे ते डिझेल बघायचं निमित्त करून टाकीवर वाकतात. सुरुवातीला नेम चुकायचा. कधी इंजिन आधीच बंद पडायचं, कधी पायऱ्या ओलांडून जायचं. आता असा हात बसला आहे की होडी बरोबर पायऱ्यांसमोर उसासा टाकते. ‘गॅस झालो’ म्हणून साडू कपाळाला हात लावतात. अक्का ‘रवांदे’ म्हणतात. मी वल्हं धरून बसतो.

परवा आम्ही चौघे असेच निघालो. वळण जवळ यायला लागलं तसे साडू खिसे चाचपायला लागले. सदऱ्याचा, मग पँटचा, मग पुन्हा सदऱ्याचा. माझ्याकडे बघितलं. मी हात झटकून रिकामे दाखवले. माड दिसायला लागले होते आणि इंजिन ठणठणीत होतं. तेवढ्यात अक्कांनी कनवटीला हात घातला आणि साडूंच्या पुढे मूठ उघडली.

“ह्यां घराकडे रवलेलां,” त्या म्हणाल्या. साडूंकडे बघितलं नाही. त्या पलीकडच्या काठाकडे बघत होत्या.

साडूंनी बूच घेतलं, टाकीवर वाकून भोकात दाबलं, आणि आम्ही सगळे इंजिन बंद पडायची वाट बघत बसलो.